फुलपाखरांचं ‘इतर’ नावाचं फोल्डर

"शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही, म्हणून दर दोन वर्षांनी नावं बदलत बसतात."

फुलपाखरं बघणाऱ्या कुठल्याही घोळक्यात जा, चहा यायच्या आत हे वाक्य पडलंच म्हणून समजा. वर पुढची ओळ ठरलेली असते: "आमच्या वेळचं वर्गीकरण किती सोपं होतं!" मग सगळे माना डोलावतात, कोणीतरी पोह्यांची बशी पुढे सरकवतो आणि विषय संपतो. आज मला तो विषय संपू द्यायचा नाहीये.

आधी निमित्त सांगतो. शनिवार-रविवारी एका निसर्गमंडळाचं (नाव नको, माणसं चांगली आहेत) कॉम्प्युटरचं काम मी फुकटात करतो. त्यांच्याकडे जुन्या सभासदांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदवह्या आहेत. कुठल्या तारखेला, कुठल्या टेकडीवर, कुठलं फुलपाखरू दिसलं ते सगळं शाईपेनाने लिहिलेलं. हा ऐवज डेटाबेसमध्ये टाकायचा ठरला. त्यासाठी बैठक झाली आणि तिथे दोन ठराव एकमताने (म्हणजे माझं एक मत सोडून) मंजूर झाले.

ठराव पहिला: कुळं ‘जुनी आणि सोपी’ ठेवायची. म्हणजे डॅनाइडी वेगळं, सॅटिरिडी वेगळं, निम्फॅलिडी वेगळं. लोकांना सवय आहे.

ठराव दुसरा: वह्यांमध्ये जी जुनी शास्त्रीय नावं आहेत, ती टाइप करतानाच बदलून आजची नावं घालायची. एकसारखेपणा हवा.

म्हणजे बघा, जिथे बदलायला हवं तिथे जुनं धरून बसायचं आणि जिथे जुन्याला हात लावायचा नाही तिथे खोडरबर घेऊन बसायचं! दोन्ही ठराव एकाच गैरसमजातून आलेत असं माझं स्पष्ट मत आहे. गैरसमज असा की वर्गीकरण म्हणजे कपाटातले कप्पे. आपल्या सोयीने करावेत, आपल्या सोयीने हलवावेत. सोयीचे कप्पे मीही करतो, पण मोज्यांसाठी. जिवंत गोष्टींचं वर्गीकरण हा ‘कोण कोणाचं लागतं’ याबद्दलचा दावा असतो. आणि दावा खरा किंवा खोटा असतो, सोपा किंवा अवघड नसतो.

आता ज्यांना हे सगळं परग्रहावरचं वाटतंय त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

निम्फॅलिडी हे फुलपाखरांचं सगळ्यात मोठं कुळ. जगात सुमारे ६००० जाती. मराठीत याला कुंचलपाद कुळ म्हणतात आणि हे नाव मला फार आवडतं, कारण त्यात निरीक्षण आहे. या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखूड झालेले असतात, छातीशी दुमडलेले, बऱ्याच नरांमध्ये केसाळ, रंगाऱ्याच्या कुंचल्यासारखे. चालायला आणि बसायला उरलेले चारच. त्यामुळे सहलीत हमखास कोणीतरी ओरडतं, "अरे, याला चारच पाय!" नाही हो. सहाच आहेत, दोन कामावरून काढलेले दिसतात इतकंच. आणि तेही पूर्ण काढलेले नाहीत. मादी अंडी घालण्याआधी याच आखूड पायांनी पानावर टकटक करते आणि पायावरच्या संवेदकांनी पानाची ‘चव’ घेते: हे आपल्या अळ्यांचं झाड आहे का? चालण्याची नोकरी गेली, पण चाखण्याची राहिली.

शिवाय मिशांच्या, म्हणजे स्पृशांच्या खालच्या बाजूला तीन बारीक कंगोरे असतात. ही या कुळाची पायांपेक्षाही पक्की खूण. पायांवर एकट्यावर विसंबलं तर घोटाळा होतो, तो पुढे सांगतोच.

या एका कुळाचा पसारा किती, ते बघायला ॲमेझॉनमध्ये जायची गरज नाही. कोकणातल्या एखाद्या घराची परसबाग घ्या. कण्हेरीवर कॉमन क्रोची चंदेरी कोष लटकवणारी अळी. कुंपणाच्या रुईवर प्लेन टायगर. आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर अशी काही बेमालूम पसरलेली बॅरनची अळी, की दहा वेळा बघूनही दिसणार नाही. एरंडावर कॅस्टर. कृष्णकमळावर टॉनी कोस्टर. चिंचेवर ब्लॅक राजा. नारळावर पामफ्लाय. कोरांटीवर पॅन्झी. मागच्या भातखाचरात कॉमन इव्हनिंग ब्राउन, जी संध्याकाळी दिव्याला घरात येते आणि वाळक्या पानासारखी भिंतीला चिकटून बसते. हे सगळे कुंचलपाद!

ही सगळी मंडळी आज बारा उपकुळांत मांडली जातात. त्यातली दहा आपल्या पश्चिम घाटात भेटतात. फक्त दोन नाहीत: एक कॅलिनॅगिनी, ज्यात एकच प्रजाती आहे आणि ती आशियाबाहेर कुठे नाही, आणि दुसरं स्यूडर्गोलिनी. त्यांच्यासाठी हिमालय नाहीतर ईशान्य भारत गाठावा लागतो. सगळ्यात मोठं उपकुळ सॅटिरिनीचं, सुमारे अडीच हजार जातींचं. बहुतेक तपकिरी, बहुतेकांच्या अळ्या गवतावर जगणाऱ्या, आणि फोटोग्राफर मंडळी ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत अशा. कुळाचा जवळजवळ अर्धा भार उचलणारे हे तपकिरी लोक आणि कॅलेंडरवर मात्र कायम ब्लू पॅन्झी. असो, तो वेगळा राग आहे.

आता पहिल्या ठरावाकडे. ‘जुनं आणि सोपं’. दोन्ही शब्द तपासून बघू.

जुनं?

आपल्याकडे जुनं म्हणजे काय, तर १९३२ सालचं ब्रिगेडियर इव्हान्सचं ओळख-पुस्तक आणि १९५७ सालचं विंटर-ब्लिथचं पुस्तक. दोन्ही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची, दोन्ही थोर, आणि दोन्हींत टायगर-क्रो मंडळी डॅनाइडी म्हणून वेगळी, तपकिरी मंडळी सॅटिरिडी म्हणून वेगळी. दोन-तीन पिढ्या या पुस्तकांवर वाढल्या. त्यामुळे हीच अनादि-अनंत व्यवस्था आहे असं वाटणं साहजिक आहे.

पण त्याच्याही आधीची पुस्तकं उघडा ना! १८८० च्या दशकात मार्शल आणि द निसेव्हिल यांनी हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या फुलपाखरांवर ग्रंथ काढला. त्याच्या पहिल्याच खंडात एक मोठं निम्फॅलिडी कुळ आहे आणि त्याच्या पोटात डॅनाइनी, सॅटिरिनी ही उपकुळं. १९०५ साली बिंगहॅमने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चा फुलपाखरांचा पहिला खंड लिहिला, त्यातही निम्फॅलिडी असंच मोठं. म्हणजे ज्याला आपण ‘हल्लीचं फॅड’ म्हणतो ते इव्हान्सच्या पन्नास वर्ष आधीपासून छापील आहे. मधल्या काळात कुळं फोडली गेली, नंतर पुराव्यानिशी पुन्हा जोडली गेली. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ हाच नियम लावायचा असेल, तर १८८२ कडे चला, १९३२ ला का थांबता? आपल्या लहानपणाला ‘जुनं’ म्हणायची सवय सगळ्यांनाच असते. प्रत्येक प्रोग्रामरला आपण शिकलो ती पहिली भाषाच शुद्ध वाटते, तसलाच प्रकार.

सोपं?

सोपं म्हणजे दिसण्यावरून, हे म्हणायचं असतं. टायगर सगळे एकसारखे दिसतात, ब्राउन सगळे तपकिरी, उरलेले रंगीबेरंगी. दिसण्यावरून कुळं लावायचा प्रयोग खुद्द लिनियसने करून ठेवलाय. १७५८ साली त्याने सगळी फुलपाखरं ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत घातली आणि पोटविभाग केले. त्यातल्या ‘दानाई’ विभागात एकीकडे कोबीवरची पांढरी फुलपाखरं, दुसरीकडे प्लेक्सिप्पस. आज पांढरी पिएरिडी कुळात आहेत आणि प्लेक्सिप्पस आपल्या कुंचलपादांत. ‘निम्फालेस’ म्हणजे अप्सरांचे त्याने दोन गट केले: पंखांवर डोळे असलेल्या आणि नसलेल्या. बस्स, झालं वर्गीकरण!

आणि गंमत पुढेच आहे. लिनियसने त्याच पुस्तकात आल्माना आणि आस्टेरी अशा दोन जाती वेगवेगळ्या नोंदवल्या. आज आपल्याला माहीत आहे की ते एकच फुलपाखरू, आपली पीकॉक पॅन्झी. एक कोरड्या हंगामातलं रूप, वाळक्या पानासारखं टोकदार. दुसरं पावसाळ्यातलं, खालच्या बाजूलाही ठळक डोळे असलेलं. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्यासमोर टाचणीला लावलेले नमुने होते. जून महिन्यात आपल्याकडे येऊन त्याने पाऊस बघितला नव्हता. पण धडा काय, तर या कुळात एकच जात वर्षातून दोनदा कपडे बदलते. जिथे जातीच दिसण्यावरून ओळखता येत नाहीत तिथे कुळं काय ओळखणार?

याच्या उलटंही आहे, आणि ते जास्त धोकादायक. डॅनेड एगफ्लाय घ्या. नर काळा, पंखांवर मोठे पांढरे गोल आणि त्यांना जांभळट झळाळी. मादी? हुबेहूब प्लेन टायगर. प्लेन टायगरची अळी रुई खाते, रुईच्या चिकातली विषं अंगात साठवते, मग पक्षी तिच्या फुलपाखरालाही टाळतात. एगफ्लायची अळी आपली साधी घोळाची भाजी खाते, विषबिष काही नाही. तरी मादी टायगरचा वेष घालून बिनधास्त फिरते. तिकडे पामफ्लाय, म्हणजे तपकिरी सॅटिरिनी मंडळींची बहीण. तिची आपल्या भागातली मादीही टायगरसारखी नारिंगी-काळी. म्हणजे तीन वेगवेगळ्या उपकुळांतल्या बायका एकाच गणवेशात! ‘सोप्या’ पद्धतीने या तिघी एका कप्प्यात जाणार आणि एगफ्लायचे नवरा-बायको दोन वेगळ्या कुळांत. ह्याला सोपं म्हणायचं?

हे काही मला सुचलेलं शहाणपण नाही. हेन्री वॉल्टर बेट्सने १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला, ज्यातून ‘बेट्सचं अनुकरण’ ही कल्पना आली. त्या काळी लांब पंखांची सगळी भडक मंडळी ‘हेलिकॉनिडी’ या एका नावाखाली होती. बेट्सने तेव्हाच त्यांचे दोन गट केले: डॅनाससारखे आणि ॲक्रीयासारखे. आज पहिला गट डॅनाइनीत आहे आणि दुसरा हेलिकॉनिनीत. वेष सारखा असला तरी घराणी वेगळी आहेत, हे त्या माणसाने सूक्ष्मदर्शक आणि मलेरियाच्या तापात ओळखलं. आणि आपण वातानुकूलित सभागृहात बसून म्हणतो, दिसण्यावरून लावू, सोपं पडतं.

मुख्य भानगड: ‘इतर’

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. डॅनाइडी वेगळं केलं यावर माझा एवढा राग नाही. टायगर आणि क्रो हे खरंच एका पूर्वजाचे वंशज आहेत. सॅटिरिडीचंही, काही इकडेतिकडे सोडलं तर, तेच. माझा राग आहे मागे उरलेल्या ‘निम्फॅलिडी’वर.

प्रत्येक सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये एक ‘युटिल्स’ किंवा ‘मिसलेनियस’ नावाचं फोल्डर असतं. ज्या फाइल्सना जागा मिळाली नाही त्या तिकडे. पाच वर्षांनी त्या फोल्डरमध्ये चारशे फाइल्स असतात. त्यांच्यात समान काय? तर त्या दुसरीकडे गेल्या नाहीत, एवढंच. जुनं निम्फॅलिडी हे असलं फोल्डर आहे. आधी टायगर काढले, मग ब्राउन काढले, मग काही पुस्तकांत टॉनी कोस्टरला ‘ॲक्रीइडी’ म्हणून काढलं. उरलेल्या गर्दीला नाव दिलं निम्फॅलिडी: पॅन्झी, राजा, बॅरन, कॅस्टर, ओकलीफ, सगळे.

आता या गर्दीतला राजा बघा. ब्लॅक राजा, टॉनी राजा, नवाब ही कॅरॅक्सीस मंडळी. तगडी, वेगवान, सडक्या फळांवर आणि शेणावर ताव मारणारी. जुन्या पुस्तकांत ती पॅन्झीबरोबर निम्फॅलिडीत. पण त्यांचे जवळचे नातेवाईक कोण? तर तपकिरी सॅटिरिनी! २००९ साली निकलस वालबर्ग आणि सहकाऱ्यांनी या कुळाच्या सुमारे ५४० पैकी जवळजवळ ४०० प्रजाती घेऊन, दहा जनुकं आणि दोनशेच्यावर शारीरिक लक्षणं एकत्र तपासून वंशवृक्ष काढला. त्यात कॅरॅक्सीस मंडळी, सॅटिरिनी आणि ती एकुलती एक कॅलिनॅगा हे एका फांदीवर आहेत. पॅन्झी दुसऱ्या फांदीवर, कॅस्टर आणि उंबर-वडावरच्या मॅप बटरफ्लायच्या शेजारी. बॅरन आणि टॉनी कोस्टर तिसऱ्या फांदीवर.

म्हणजे दिव्याला येणारी ती मळकट इव्हनिंग ब्राउन आणि राजा हे जवळचे भाऊबंद, आणि पॅन्झी ही दूरची. जुन्या पद्धतीत राजाचं नाव पॅन्झीच्या रेशनकार्डावर आणि सख्ख्या चुलत बहिणीला मात्र घराबाहेर काढून वेगळं कार्ड! अशा कार्डाला ‘एकत्र कुटुंब’ म्हणत नाहीत. एका पूर्वजाचे काही वंशज घेतले आणि काही त्यांचे कपडे तपकिरी आहेत म्हणून वगळले, तर तो गट निसर्गात कधी अस्तित्वातच नव्हता. तो फक्त आपल्या पुस्तकात आहे.

पायांचा घोटाळा सांगतो म्हणालो होतो. बीक नावाची फुलपाखरं असतात, तोंडापुढे चोचीसारखे लांब ओष्ठस्पर्शक (लेबियल पाल्प) असलेली. क्लब बीक आपल्या घाटात मिळतं. यांच्यात नराचे पुढचे पाय आखूड, पण मादीचे पूर्ण वाढलेले आणि चालते. त्यामुळे ‘पाय म्हणजेच कुळ’ मानणाऱ्या इव्हान्सच्या काळात बीकला निम्फॅलिडीतून काढून प्लम जूडीसारख्या छोट्या फुलपाखरांच्या कुळात टाकलं गेलं, कारण त्यांच्यातही नराचेच पाय आखूड असतात. प्रत्यक्षात बीक ही कुंचलपादांच्या वृक्षाची सगळ्यात खालची, सगळ्यात आधी वेगळी झालेली फांदी. एकाच खुणेवर भिस्त ठेवली की असं होतं. हे ‘सोपं’ वर्गीकरण तेव्हाही सोपं नव्हतं, फक्त आपल्याला पाठ झालं होतं. पाठ असणं आणि सोपं असणं यातला फरक शाळा सोडून इतकी वर्ष झाल्यावर तरी कळायला हवा.

आणि हे नुसतं नावांचं भांडण नाही. योग्य वृक्ष असेल तरच काही प्रश्न विचारता येतात. त्या २००९ च्या कामात असं दिसलं की हे कुळ सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचं, आणि डायनासोर संपवणाऱ्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या संकटातून त्याच्या जेमतेम दहा-बारा वंशरेषा वाचल्या. आजचे ६००० त्या दहा-बारांचे वंशज! चुकीच्या कप्प्यांवरून हे कधी कळलं असतं? ‘इतर’ फोल्डरला इतिहास नसतो. पुढे २०२३ साली सगळ्या फुलपाखरांवर, २२०० पेक्षा जास्त जाती आणि ३९१ जनुकं घेऊन, आणखी मोठं काम झालं. त्यात समस्त फुलपाखरांचा उगम सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडांत असावा असं निघालं.

"पण कुळ आणि उपकुळ हे शेवटी माणसानेच ठरवलंय ना?"

हा आक्षेप मात्र दमदार आहे, बैठकीतही एका काकांनी घेतला. त्यांचं म्हणणं मान्य. फांद्या निसर्गाच्या, पण कुठल्या फांदीला ‘कुळ’ म्हणायचं ही पाटी आपली. बाराही उपकुळांना बढती देऊन बारा कुळं केली तरी वंशवृक्षाच्या दृष्टीने काही बिघडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मग बाराच्या बारा करा! टायगरला कुळ हवं तर राजालाही द्या, बीकलाही द्या, मॅपलाही द्या. दोघा-तिघांना बढती आणि बाकीचे गठ्ठ्यात, हे चालणार नाही. आणि बारा कुळं पाठ करण्यापेक्षा एक कुळ, तीन कंगोरे आणि दोन आखूड पाय लक्षात ठेवणं नवशिक्याला खरंच सोपं जातं. शिवाय कृष्णमेघ कुंटे (२०००) आणि आयझॅक किहिमकर (२००८) यांच्या पुस्तकांपासून आपल्याकडची नवी पिढी मोठं निम्फॅलिडीच शिकत आलीय. ‘लोकांना सवय आहे’ म्हणताना कुठल्या लोकांना, हेही विचारायला हवं. बैठकीत पस्तिशीच्या खालचं कोणी नव्हतं.

आता दुसरा ठराव

हा मला जास्त झोंबला, कारण इथे नुकसान कायमचं आहे.

समजा एका वहीत १९९० च्या आसपास लिहिलंय, ‘डॅनाइस प्लेक्सिप्पस, भरपूर’. आज प्लेक्सिप्पस म्हणजे अमेरिकेतला मोनार्क. उत्साही टायपिस्ट (किंवा माझा प्रोग्राम) प्लेक्सिप्पस बघून मोनार्क असं नोंदवणार आणि मुळशीच्या धरणावर मोनार्कचे थवे उतरणार! खरी गोष्ट अशी की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या भारतीय पुस्तकांत प्लेक्सिप्पस हे नाव आपल्या स्ट्राइप्ड टायगरला लावलं जाई. १९५४ साली आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने निकाल दिला की हे नाव अमेरिकन फुलपाखराचं, आणि आपला झाला जेनुशिया. पण जुन्या पुस्तकावरून शिकलेला माणूस त्यानंतरही कित्येक वर्ष तेच लिहीत राहिला असणार. त्याला काय म्हणायचं होतं हे कळायला त्याने काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं हवं. ते खोडलं की संपलं.

दुसरं उदाहरण. वह्यांत सगळ्या पॅन्झी ‘प्रेसिस’ आहेत. आज आपल्या सगळ्या पॅन्झी जुनोनिया, आणि प्रेसिस हे नाव आफ्रिकेतल्या त्यांच्या नातेवाइकांकडे. इथे बदल सरळ आहे. पण नवाबाचं तसं नाही. ‘पॉलियुरा’चं ‘कॅरॅक्सीस’ झालं, कारण पॉलियुरा हे कॅरॅक्सीसच्याच आतली एक फांदी निघाली. ते ठीक. पण नंतर जिला सगळे एकच ‘अथामास’ म्हणत होते तिच्या अनेक जाती निघाल्या. वहीतला ‘पॉलियुरा अथामास’ त्यातला नक्की कोणता? वहीत शेजारी स्केच असेल, अळीचं झाड लिहिलं असेल, तर कदाचित सांगता येईल. आपण नाव बदलून ‘स्वच्छ’ नोंद केली, तर प्रश्न होता हेच कोणाला कळणार नाही. डेटा स्वच्छ करण्याच्या नावाखाली पुरावा धुऊन टाकणं हा आमच्या धंद्यातला फार जुना गुन्हा आहे आणि तो नेहमी चांगल्या हेतूनेच होतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर कायद्याकडे बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या अनुसूचीत, म्हणजे २०२२ च्या दुरुस्तीने ती बदलण्याआधी, संरक्षित फुलपाखरांची यादी होती. त्यात ‘अपॅटुरा उलुपी’ हे नाव होतं. हो, अर्जुनाची उलुपी! पण आजची पुस्तकं तिला ‘चिटोरिया उलुपी’ म्हणतात. निकोबारचा ‘डॅनाउस गौतमा’ होता, तो आज ‘टिरुमाला गौतमा’. तस्कराच्या पेटीत सापडलेलं फुलपाखरू तज्ज्ञाने एका नावाने ओळखलं आणि कायद्यात दुसरं नाव असलं, तर ‘दोन्ही एकच’ हे सांगणारी समानार्थी नावांची नोंद कोणीतरी ठेवलेली असावी लागते. नाव बदलणं हा प्रश्न नाहीच. बदलाचा हिशेब न ठेवणं हा प्रश्न आहे.

तर माझा प्रस्ताव, जो बैठकीत ‘फार टेक्निकल’ म्हणून बाजूला ठेवला गेला, तो इथे चार ओळींत मांडतो:

१. वहीत जे लिहिलंय ते एका रकान्यात जसंच्या तसं, चुकांसकट. त्याला कोणी कधीही हात लावायचा नाही.

२. आजचं नाव वेगळ्या रकान्यात. सोबत कोणी, कधी आणि कशावरून ठरवलं ते. हे हवं तेवढ्या वेळा बदला.

३. कुळ आणि उपकुळ नोंदीत लिहायचंच नाही. ते वेगळ्या तक्त्यात, आजच्या नावाला जोडलेलं. उद्या वृक्ष बदलला तर तक्ता एका जागी बदलेल, पन्नास हजार नोंदी नाही.

४. ज्याला डॅनाइडी-सॅटिरिडी अशी यादी बघायची सवय आहे त्याला तशी यादी पडद्यावर दाखवू. ते दहा मिनिटांचं काम आहे. पण ती फक्त दिसण्याची सोय. तिच्यावर ‘जुनी पद्धत’ अशी पाटी लावायची.

यात टेक्निकल काय आहे? किराणा दुकानदारसुद्धा कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवतो.

मला कल्पना आहे की यामागे एक वेगळीच भावना आहे. ज्यांनी ही नावं रानात हिंडून, एकेक पुस्तक वाट बघून मिळवून पाठ केली, त्यांना नाव बदललं की आपलीच मेहनत पुसली गेल्यासारखं वाटतं. ती मेहनत मी बघितलीय, त्या वह्या माझ्या टेबलावर आहेत. म्हणूनच सांगतो, त्या मेहनतीचा खरा अपमान पहिल्या नाही तर दुसऱ्या ठरावात आहे. त्यांनी लिहिलेला शब्द जपा आणि त्यांनी पाठ केलेला कप्पा सोडा. आपण नेमकं उलटं करतोय.

मंडळाची पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. वह्यांचं टायपिंग मी तोवर थांबवलंय आणि तसं कळवलंही आहे. दुसरा ठराव मागे घेतला तर त्याच रात्री काम सुरू करीन. पहिल्यावर भांडायला आयुष्य पडलंय.